शेवटचा डबा संपल्यावर

वाचकांचे प्रश्न : जुन्या लष्करी रायफली

सव्वीस वर्षं मी एका नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात काढली. कुणीतरी रायफल घेऊन यायचं, ती टेबलावर आडवी ठेवायचं आणि पहिला प्रश्न असायचा, "याची काडतुसं स्वस्तात कुठे मिळतील?" या महिन्याच्या पत्रांत तोच प्रश्न चार तऱ्हांनी आला आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. परवान्यावर जे कॅलिबर आणि जितकी काडतुसं लिहिलेली आहेत तेवढीच, आणि परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची, हे मी प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहीत नाही. ते धरूनच चाला.

प्रश्न : माझ्याकडे १९३९ सालची मोसिन-नगांट आहे, एम ९१/३०. घेतली तेव्हा ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा इतका स्वस्त असायचा की मी कधी मोजून झाडली नाहीत. आता शेवटच्या डब्यात साठेक उरली आहेत. नवी घ्यायला गेलो तर जुन्या डब्याच्या पैशात जेमतेम दोन-तीन खोकी येतात. परवडणारी काडतुसं शोधायची कुठे? का आता रायफल भिंतीवर टांगून ठेवू?

उत्तर : भिंतीवर टांगू नका. तुमच्या रायफलीचं काडतूस आजही नवं बनतंय, आणि जुन्या रायफलींच्या दुनियेत हे भाग्य सगळ्यांना नसतं. ७.६२×५४आर हे काडतूस १८९१ च्या रशियन मोसिन रायफलीसाठी निघालं आणि अजून लष्करी सेवेत आहे. पीके मशिनगन आणि द्रागुनोव स्नायपर रायफल त्यावरच चालतात. मात्र तुमचे डबे महाग होण्याचं एक कारणही हेच. सैन्यांना नको होती तोवर गोदामातली काडतुसं बाहेर येत राहिली. आता ती सैन्यांनाच हवी आहेत. त्यात २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने देणं बंद केलं, २०२२ मध्ये युक्रेनमधलं मोठं युद्ध सुरू झालं, आणि शिल्लक मालावर सगळ्यांच्याच उड्या पडल्या. तुम्ही पूर्वी देत होता ती किंमत गोदाम रिकामं करणाऱ्याची होती; त्या पैशात काडतूस कधीच बनत नव्हतं. ती परत येईल म्हणून वाट पाहू नका.

उरलेली साठ आजच झाडून टाकू नका. त्यातली वीस बाजूला ठेवा, ती तुमची तुलनेची फूटपट्टी आहे. काडतुसाच्या तळावर वरच्या बाजूला कारखान्याचा आकडा असतो आणि खाली वर्ष. १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क, १७ म्हणजे बार्नाउल, ६० म्हणजे फ्रुन्झे, आजचं बिश्केक. मग गोळीचं टोक बघा. चंदेरी असेल तर ती हलकी गोळी, साधारण १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आत मऊ पोलादाचा गाभा. पिवळं असेल तर जड, १८२ ग्रेनच्या आसपास. हे वजन टिपून ठेवा. तुमच्या रायफलीची साइट हलक्या गोळीवर आणि संगीन लावून जुळवलेली आहे. सोव्हिएत सैन्यात ९१/३० ची झीरोइंग, म्हणजे नेमाची जुळवणी, संगीन चढवूनच व्हायची. तुम्ही संगीन काढून नवी १८० ग्रेनची गोळी झाडलीत आणि नेम हातभर सरकला, तर दोष काडतुसाचा नाही आणि तुमचाही नाही. पुढची साइट जरा सरकवली की काम होतं.

आता खरेदीआधीचं एक काम, जे फार थोडे जण करतात आणि ज्याने सगळ्यात जास्त पैसे वाचतात. नळी मोजून घ्या. मऊ शिशाची, नळीपेक्षा किंचित मोठी गोळी तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत पार न्यायची आणि बाहेर आली की मायक्रोमीटरने तिचा व्यास घ्यायचा. मोसिनच्या नळीत चार खाचा असतात, म्हणजे समोरासमोरच्या खाचा मोजायला सोप्या. कागदावर .३१० ते .३११ इंच यायला हवं. पण युद्धकाळातल्या नळ्या माझ्या टेबलावर .३१४ पर्यंत आलेल्या आहेत. अशा ढिल्या नळीतून .३०८ ची गोळी झाडली की ती खाचांना नीट धरत नाही आणि लक्ष्याच्या कागदावर थाळीएवढा पसारा होतो. मग माणूस म्हणतो हे काडतूस वाईट, दुसरं घेऊ. दुसरं वाईट, तिसरं घेऊ. एका सभासदाने असे चार ब्रँड बदलले. शेवटी नळी मोजली तेव्हा कळलं की त्याला फक्त .३१२ ची गोळी हवी होती.

नवीन काडतुसांत परवडणारी दोन नावं मी डोळे झाकून सांगतो. एक सर्बियातल्या उझित्से गावचा प्रवी पार्टिझान कारखाना, १९२८ पासूनचा. आणि दुसरा चेक प्रजासत्ताकातल्या व्लाशिमचा सेलिए अँड बेलो, ज्याची सुरुवात १८२५ ची. दोघांचीही साधी, पूर्ण तांब्याचं आवरण असलेली गोळी घ्या. शिकारीसाठीची मऊ टोकाची गोळी महाग असते आणि कागदाला भोक पाडायला तिची काहीही गरज नाही. आधी प्रत्येकाचं एकेक खोकं. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, आणि बाजूला त्या जुन्या काडतुसांचे दोन. जे खोकं तुमच्या नळीला आवडेल ते ठरलं की मग वर्षभराची गरज एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, एकदम. लॉट नंबर खोक्याच्या झाकणावर छापलेला असतो. आमच्या क्लबात आठ-नऊ मोसिनवाले मिळून एकदाच ऑर्डर द्यायचो. विक्रेता पूर्ण पेटीला वेगळा भाव देतो आणि वाहतुकीचा खर्चही आठ जणांत वाटला जातो. खोकं-खोकं करून घेणाऱ्याला हा भाव कधीच मिळत नाही.

जुना डबा कुणी विकायला काढला तर आधी रेंजवर विचारा. बऱ्याच रेंजवर लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटली की ती गोळी चालत नाही, कारण पोलादी गाभा मागच्या बांधाची आणि लोखंडी लक्ष्यांची नासधूस करतो. गोळीचं आवरणच जर तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचं असेल, तर आत शिसं असूनही चुंबक चिकटतो आणि रेंज ऑफिसर तुम्हाला परतच पाठवतो. डबा स्वस्तात घेतला आणि झाडायला जागाच नाही, असं झालेले लोक मी पाहिलेत.

आणि जुन्या डब्याचा छुपा खर्च म्हणजे सफाई. त्या काळच्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या तळातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, आपल्या मिठाचा सख्खा भाऊ, आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. दमट दिवसांत एका रात्रीत नळीत तांबूस पापुद्रा दिसतो. तेलाने मीठ विरघळत नाही. तेल वरून थापलं तर मीठ खालीच राहतं आणि आपलं काम करत बसतं. मीठ जातं पाण्याने. अमोनियावाले द्रव लोक विकत आणतात, त्यातही काम पाणीच करतं. अमोनिया फक्त तांब्याचे थर काढतो. ब्रिटिश सैन्यात चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागातून, उकळतं पाणी ओतायला खास नरसाळं दिलेलं असायचं. तुम्हीही तेच करा. चेंबरच्या बाजूने अर्धा-पाऊण लिटर उकळतं पाणी, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत, मग तेल. बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड, स्ट्रायकरचं (प्रायमरवर आपटणाऱ्या सुईचं) टोक आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) विसरू नका, मीठ तिथेही उडतं. एसव्हीटी किंवा एसकेएससारखी गॅसवर चालणारी रायफल असेल तर पिस्टन आणि गॅस सिलिंडरही धुवायचा. हे सगळं त्याच दिवशी, घरी पोहोचून जेवायच्या आधी. ज्याला हे रोज जमणार नाही त्याने जुनी काडतुसं फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. खड्डे पडलेली नळी बदलायला लागणाऱ्या पैशात नवी काडतुसं किती येतात, याचा हिशेब मी अनेकांना लिहून दाखवलाय.

नव्या काडतुसाची आणखी एक बाजू. झाडल्यावर जी पितळी पुंगळी बाहेर पडते, ती जमिनीवरून उचला. तुमच्या जुन्या डब्यातल्या पुंगळ्या पोलादी आणि बर्डन प्रायमरच्या, म्हणजे तळात दोन बारीक छिद्रं. त्या पुन्हा भरणं जिकिरीचं. नव्या पितळी पुंगळीत बॉक्सर प्रायमर असतो, मधोमध एकच छिद्र, जुना प्रायमर एका सुईने बाहेर ढकलता येतो. गंमत अशी की हायरम बर्डन अमेरिकन आणि त्याची पद्धत युरोपाने धरली. एडवर्ड बॉक्सर इंग्रज आणि त्याची अमेरिकेने. तुमच्या इथल्या कायद्यात रीलोडिंगला परवानगी असेल, तर खर्चात पुंगळीचाच वाटा मोठा असतो आणि तो अनेक वेळा वाचतो. पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिका. दारूचं माप छापील तक्त्यातूनच घ्यायचं. तक्त्याच्या कमाल आकड्याच्या वर जायचं नाही, आणि बचतीसाठी किमान आकड्याच्या खालीही नाही. सावकाश जळणारी दारू फार कमी भरली तर तीसुद्धा रायफल फोडू शकते.

प्रश्न : एका ज्येष्ठ नेमबाजाने वय झालं म्हणून आपली ली-एनफिल्ड नंबर ४ रीतसर माझ्या नावावर केली. सोबत थ्री-नॉट-थ्रीची दोनशेच्या आसपास काडतुसं आहेत. काही पुठ्ठ्याच्या खोक्यांत, काही कापडी पट्ट्यांत क्लिपांसकट. तळावर कुठे रोमन सात आहे, कुठे रोमन सातपुढे झेड. थोड्यांच्या मानेवर हिरवट डाग आहेत. फुकटात मिळालीत, म्हणजे याहून स्वस्त काय? वापरू ना?

उत्तर : सरसकट नाही. आधी टेबलावर पांढरा कपडा पसरा, उजेड घ्या, आणि एकेक काडतूस बोटांत फिरवून बघा. घाई करू नका, दोनशेला दोन तास लागतील.

मानेवर आणि खांद्यावर उभी केसासारखी रेघ शोधा. ती ओरखड्याची नसेल तर तडा आहे. या तड्यांचा इतिहास आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश पलटणी पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवत. पाऊस सरला की पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले असत. लोक त्याला ऋतूचा तडा म्हणू लागले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात अडकून राहिलेला ताण, हे दोन्ही मिळून पितळ फाडतात, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. उपाय सोपा निघाला : पुंगळी तापवून तिचा ताण काढायचा. लष्करी काडतुसांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी शिसवी झाक असलेला पट्टा दिसतो, तो त्या तापवण्याचा. तो डाग नाही, घासून काढू नका. तडा दिसला ते काडतूस मात्र बाजूला. हिरवा गंज नखाने निघत असेल आणि खाली पितळ गुळगुळीत असेल तर ठीक. खड्डा असेल तर तेही बाजूला. गोळी बोटाने हलत असेल, तेही.

आता तळावरची अक्षरं. रोमन सात म्हणजे मार्क ७, १९१० पासूनची १७४ ग्रेनची टोकदार गोळी, वेग सेकंदाला २,४४० फूट. नुसता सात असेल तर आत कॉर्डाइट, शेवयांसारख्या काड्यांचा जुडगा. झेड असेल तर नायट्रोसेल्युलोज दारू. कॉर्डाइट फार गरम जळतं आणि चेंबरच्या पुढचा भाग खातं, म्हणून निवड असेल तर मी झेडवालीच झाडेन. सफाई दोन्हीला सारखीच, वर लिहिलेल्या उकळत्या पाण्याची.

आणि जी चांगली दिसतात त्यांच्याबद्दल एक प्रसंग सांगतो. माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. एक सभासद असाच जुना लॉट घेऊन आला होता, कारखान्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. दिसायला काडतुसं नव्यासारखी. पहिली दहा बरी गेली. अकराव्याला नुसता खट् आवाज आला. त्याचा हात सवयीने बोल्टकडे गेला, मी मागून "थांब" म्हणून ओरडलो, आणि माझा शब्द पूर्ण व्हायच्या आत रायफल कडाडली. ट्रिगर ओढल्यावर जवळपास एक सेकंद गेला होता. त्याचा हात आणखी चपळ असता तर पुंगळी उघड्या चेंबरमध्ये फुटली असती, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यानंतर त्या लॉटमधलं एकही काडतूस आम्ही झाडलं नाही.

म्हणून जुन्या काडतुसांना माझा नियम असा. खट् झालं की नळी लक्ष्याकडेच, बोट ट्रिगरबाहेर, आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट. काही ठिकाणी तीस सेकंद सांगतात, मी मिनिट धरतो. आवाज फुसका आला तर पुढचं काडतूस घालायच्या आधी रायफल रिकामी करून नळीतून आरपार बघायचं, गोळी आत अडकलेली असू शकते. एका लॉटमध्ये दोन वेळा उशीर झाला की उरलेला लॉट संपला असं समजा. बाजूला काढलेली काडतुसं घरी उघडत बसू नका. क्लबच्या शस्त्रागाराला किंवा पोलिसांना विचारून रीतसर जमा करा. कापडी पट्ट्या आणि क्लिपा मात्र जपा. चांगल्या क्लिपा आता सहज मिळत नाहीत, आणि ज्यांनी त्या इतकी वर्षं सांभाळल्या त्यांना तुम्ही त्या वापरताय हे पाहून बरं वाटेल.

दोनशेपैकी साठ-सत्तरच झाडण्याजोगी निघाली तर निराश होऊ नका. .३०३ चं नवं काडतूस मिळतं, १७४ ग्रेनच्या गोळीसकट, म्हणजे तुमच्या साइटला चालणारं. पण नव्या पितळेआधी हेडस्पेस तपासून घ्या. .३०३ चं काडतूस तळाशी बाहेर आलेल्या आपल्या कडेवर टेकतं. बोल्टचं तोंड आणि ती कड यांच्यातली फट वाढली की पुंगळी ताणली जाते, आणि ली-एनफिल्डमध्ये बोल्ट मागच्या बाजूने अडकत असल्याने तो ताण आणखी वाढतो. नंबर ४ ला यावर छान सोय आहे. बोल्टचं डोकं स्क्रूचं असतं आणि ते ० ते ३ अशा चार आकड्यांत निघतं, आकडा वाढला की लांबी किंचित वाढते. आपल्या डोक्यावरचा आकडा आजच बघून ठेवा. ० असेल तर पुढे वाव आहे. ३ असेल आणि तरीही नो-गो गेजवर (ही फट तपासायच्या मापावर) बोल्ट बंद होत असेल, तर झाडायच्या आधी आर्मररला, म्हणजे शस्त्रांच्या कारागिराला, दाखवा.

पुंगळ्या पुन्हा भरणार असाल तर फक्त मान आवळा, अंग तसंच राहू द्या, म्हणजे पुंगळी तुमच्याच चेंबरच्या मापाची राहते आणि दर वेळी ताणली जात नाही. कागदाची पिन सरळ करून तिचं टोक अगदी किंचित वाकवा आणि पुंगळीच्या आत, तळाच्या वर बोटभर जागेत फिरवा. खाच लागली तर ती पुंगळी पुढच्या वेळी तिथूनच तुटणार. माझ्या टेबलाच्या खणात अशी एक पिन सव्वीस वर्षं होती.

प्रश्न : माझी रायफल युगोस्लाव्ह मॉझर एम ४८ आहे. बाजारात दोन प्रकारची खोकी दिसतात. एकावर '८ मिमी मॉझर', ती अमेरिकन. दुसऱ्यावर '८×५७ आयएस', ती युरोपीय. विक्रेत्या बाई म्हणाल्या एकच आहे, स्वस्त असेल ते घ्या. खरंच एकच आहे का? माझ्या मैत्रिणीची १८८८ ची जुनी जर्मन रायफल आहे, ती पण हेच काडतूस शोधतेय.

उत्तर : तुमच्या रायफलीत दोन्ही चालतील. मैत्रिणीला मात्र आजच फोन करून थांबायला सांगा.

१८८८ ला जर्मन सैन्याने हे काडतूस आणलं तेव्हा गोळी .३१८ इंचाची होती. १९०५ मध्ये गोळी टोकदार केली आणि व्यास .३२३ वर नेला. पुंगळी जवळजवळ तीच राहिली, म्हणजे नवं काडतूस जुन्या नळीत सहज बसतं आणि जाड गोळी बारीक नळीतून रेटली जाते. दाब कुठे जाईल सांगता येत नाही. हाच धोका टाळायला अमेरिकन कारखाने '८ मिमी मॉझर' मुद्दाम मवाळ भरतात. युरोपीय खोक्यात पूर्ण ताकद असते आणि .३२३ ची खूण म्हणून पुढे एस लिहितात. त्याच्या आधीचं अक्षर आय आहे, इन्फंट्रीचं. जुन्या जर्मन लिपीत ते जे सारखं दिसायचं म्हणून काही खोक्यांवर आणि जुन्या पुस्तकांत जे सापडतो.

१८८८ च्या बऱ्याच रायफलींची नळी नंतर बदलली किंवा आतून वाढवली गेली, आणि बऱ्याच तशाच राहिल्या. रायफलीवरच्या शिक्क्यावर विसंबू नका. मैत्रिणीने नळी शिशाने मोजून घ्यावी आणि आर्मररचा होकार येईपर्यंत मवाळ अमेरिकन काडतूससुद्धा घालू नये. त्या रायफलीचा बोल्टही १८९८ च्या मॉझरइतका दणकट नाही.

तुमच्या एम ४८ साठी मी युरोपीय पूर्ण ताकदीचं, १९८ ग्रेनचं घ्यायला सांगेन, जरी खोकं थोडं महाग असलं तरी. युगोस्लाव्ह लष्करी काडतूस त्याच वजनाचं होतं, साइट त्यावर बनली आहे. मवाळ काडतुसाने धक्का कमी बसतो हे खरं. सराव आणि खांद्याची सवय यांसाठी ते घ्यायला हरकत नाही, फक्त दोन्हींचा नेम वेगळा पडेल. आणि १०० मीटरवर गोळ्या वर जात असतील तर घाबरू नका. त्या साइटचा सगळ्यात खालचा आकडाच २०० मीटरचा आहे.

प्रश्न : स्टायर-मानलिखर एम ९५. काडतूस कुठलं, आणि जुनी लष्करी मिळाली तर घ्यावीत का?

उत्तर : चेंबरच्या वर नळीवर मोठा एस असेल तर ती ८×५६आर ला बदललेली आहे, ऑस्ट्रियाने १९३० नंतर अशा हजारो बदलल्या. हंगेरीत बदललेल्यांवर एच असतो. काहीच नसेल तर ती कदाचित मूळ ८×५०आर ची आहे आणि ही दोन काडतुसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खात्री चेंबर मोजूनच. ८×५६आर ची गोळी .३२९ इंचाची, नेहमीच्या आठ मिलिमीटरच्या गोळीपेक्षा जाड, त्यामुळे भलत्या गोळ्या भरून स्वस्ताई होत नाही. १९३८ ची गरुडाचा शिक्का असलेली काडतुसं अजून निघतात. मी झाडलेली सगळी वाजली, पण सफाई उकळत्या पाण्याचीच. नवी उझित्सेची मिळतात, आणि पुंगळी पुन्हा भरता येत असल्याने एक खोकं घेतलं तरी बरेच दिवस पुरतं.

काडतुसांइतकंच लक्ष क्लिपकडे द्या. या रायफलीत पाच काडतुसं क्लिपसकट आत जातात आणि शेवटचं चेंबरमध्ये गेलं की क्लिप खालच्या भोकातून पडते; क्लिप नसेल तर मॅगझिन काम करत नाही. ८×५०आर ची क्लिप वेगळी असते, ती यात अडकते. विक्रेता जुनी काडतुसं क्लिपसकट देत असेल आणि सुटी थोडी स्वस्त देत असेल, तर क्लिपसकटच घ्या, आणि रेंजवर क्लिप पडेल तिथे पायाशी एक जुनं पोतं पसरा, म्हणजे ती वाळूत हरवत नाही.